एकतीस नंबरचं टोकन

"या कागदावर जो कुणी सही करील, त्याला माझ्या खिडकीतून साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा मिळणार नाही," असं मी त्या सोमवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. खिडकीपुढे पंधरा-वीस जण उभे होते. प्रत्येकाच्या हातात पांढरा लिफाफा. कुणी स्वतः वाचत होतं, कुणी दुसऱ्याकडून वाचून घेत होतं. पत्र इंग्रजीत होतं आणि इतकं गोड होतं की आपला पगार कापलाय हे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कळायचंच नाही.

मी वत्सला घरत. नभश्री एअरवेजच्या मुंबईच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला येतात त्या शेडमध्ये, टूल स्टोअर सांभाळायची. पंधरा वर्षं सांभाळलं. सगळे मला घरतबाई म्हणायचे आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागायचं नाही. साहेब लोकसुद्धा खिडकीशी आले की आवाज खाली करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पत्रात लिहिलं होतं की कंपनी तोट्यात आहे, आपण सगळे एक कुटुंब आहोत, तेव्हा हा भार मिळून उचलू या. पुढच्या महिन्यापासून पगार तीस टक्के कमी. सोबत एक संमतीपत्र. 'मी स्वखुशीने' अशी त्याची सुरुवात. माझं डोकंच फिरलं. तोटा काय आम्ही केला होता? चेअरमनला लंडनची हौस आली, त्यानं तीन अवाढव्य विमानं भाड्यानं घेतली, ती दीड वर्ष रिकाम्या खुर्च्या घेऊन लंडनला जात-येत राहिली. आमच्या शेडमध्ये साधे टायर वेळेवर येत नव्हते, तेव्हा वरच्या मजल्यावर इटलीचा संगमरवर बसत होता. चूक त्यांची आणि पगार आमचा, असं मी खिडकीतून म्हटलं, आणि दुपारपर्यंत ते वाक्य सगळ्या शेडमध्ये फिरलं.

आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी शेडमध्ये जे विमान उभं होतं, त्याच्या सीटवर दोन माणसं जरीची कव्हरं चढवत होती. संध्याकाळी चार वाजता ते विमान चेअरमनच्या मुलीच्या साखरपुड्याचे पाहुणे घेऊन उदयपूरला जाणार होतं. भाडं शून्य, कंपनीच्या खर्चानं. एका हातात पगारकपातीचं पत्र आणि समोर ती जरी. लोक पत्रातून मान वर करून तिकडे बघायचे आणि पुन्हा पत्रात बघायचे.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानाच्या कामात हत्याराचा हिशेब फार कडक असतो. एखादा पाना चुकून विमानाच्या पोटात राहिला आणि हवेत असताना कुठल्या तारेत, कुठल्या कप्प्यात अडकला, तर दोनशे माणसं जातात. म्हणून प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबरची पितळी टोकनं असतात. हत्यार हवं असेल तर टोकन द्यायचं. मी हत्यार काढून देणार आणि त्याच्या जागी फळ्यावरच्या खिळ्याला ते टोकन अडकवणार. हत्यार परत आलं की मी त्याचं नाव आणि टोकनाचा नंबर मोठ्यानं म्हणायची, समोरचा 'हो' म्हणायचा, मग टोकन त्याच्या हातात. शिफ्ट संपताना फळ्यावर एकही टोकन नसलं तर विमान बाहेर जातं. एक जरी राहिलं तरी विमान जागचं हलत नाही. मग त्यात मंत्री बसणार असो नाहीतर चेअरमनचे व्याही.

पंधरा वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकली नव्हती.

त्या सकाळी पत्रांचा गोंधळ चालू असताना देवघेवही चालू होती. काम थोडंच थांबतं. ठाण्याच्या लॅबचा माणूस दर महिन्याची पेटी न्यायला आला होता, त्याच्या कागदावर सही केली. त्याआधी मिस्किटा येऊन गेले. दोघं-तिघं हातोड्या घेऊन गेले. मी देत होते, घेत होते, आणि तोंडानं कंपनीचा उद्धार करत होते.

मिस्किटा म्हणजे ग्रेगरी मिस्किटा, वसईचे. कंपनीचं पहिलं विमान आलं त्या दिवसापासून, अठरा वर्षं, नोकरीत. मी नवीन लागले तेव्हा मला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला एकेका हत्याराचं नाव शिकवलं. नाताळात सगळ्या स्टोअरला सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आणायचे. फार बोलणारा माणूस नव्हे. रिटायर व्हायला तीन महिने राहिले होते, आणि हातात येणाऱ्या ग्रॅच्युइटीतून गास गावातल्या घराचं छप्पर बदलायचं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की कौलं कुठल्या कारखान्याची आणायची तेही मला पाठ झालं होतं.

दोन वाजता शिफ्ट संपली. मी फळा बघितला. बाकी कुठंच टोकन नाही, फक्त एका जागी. नंबर एकतीस. मिस्किटांचा. जागा होती छोट्या टॉर्क रेंचची. नट किती जोरानं आवळला जातोय ते दाखवणारा वीतभर लांबीचा पाना असतो तो.

मी त्यांना हाक मारली. ते हात पुसत आले.

"भाऊ, टॉर्क रेंच?"

"तो सकाळीच दिला ना तुम्हाला."

"दिला असता तर टोकन तुमच्या खिशात असतं. ते इथं आहे."

त्यांनी टोकनाकडे बघितलं, मग आपले खिसे चाचपले. म्हणाले, "बाई, मी तुमच्या हातात दिला. तुम्ही पत्राबद्दल बोलत होता. गर्दी होती. टोकन घ्यायचं राहिलं माझं."

त्यांच्यासारखा माणूस टोकन घ्यायला विसरेल हे मला पटेना. आणि माझ्यासारखी बाई टोकन द्यायला विसरेल हे तर त्याहून पटेना. मी सरळ म्हटलं की असं कधी झालेलं नाही आणि आजही झालेलं नाही, तुम्ही पंखाखाली काम करत होता, तिथं जाऊन बघा. ते गेले. टॉर्च घेऊन तासभर शोधत राहिले. सोबत आणखी चौघं लागले. पाना मिळाला नाही.

तीन वाजता निमकरसाहेब खाली आले. शेडचे सगळ्यात मोठे साहेब. कधीकाळी ते स्वतः पाना हातात धरून उभे राहिलेले, पण आता त्यांच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. त्यांनी सगळ्यांना दूर जायला सांगितलं आणि माझ्या खिडकीवर कोपर टेकवून अगदी हळू आवाजात विचारलं, "घरतबाई, तसाच दुसरा असेल ना कपाटात?"

"आहे."

"मग तो लावा फळ्यावर. मिस्किटा स्वतः सांगताहेत की दिला. कुठेतरी सापडेल नंतर. चेअरमनसाहेबांचे पाहुणे टर्मिनलवर येऊन बसलेत."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगते, मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की लपवता येत नव्हता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "साहेब, टोकन फळ्यावर आहे. विमान जाणार नाही."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी एकानं. मग सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. निमकरांचा चेहरा पडला. ते आले तसे निघून गेले. नियमानं मी बरोबर होते, अगदी शंभर टक्के. पण नियमासाठी मी ते केलं असं मी आज म्हणणार नाही. त्या जरीवर कुणी बसू नये, एवढीच माझी इच्छा होती. मिस्किटा पंखाखाली टॉर्च घेऊन उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नव्हती.

विमानाची अर्धी झाकणं उघडून पाच तास शोधाशोध झाली. पाहुण्यांना शेवटी नागपूरचं विमान दिलं, आणि नागपूरचे प्रवासी मुंबईत अडकले, त्यांनी काउंटरवरच्या आमच्याच पोरींना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मिस्किटा हिरो झाले होते. लोक येऊन पाठ थोपटत होते, मस्त जिरवलीत म्हणत होते. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्यानं पाना मुद्दाम लपवला. एकाला तर मिस्किटांनी कॉलरला धरलं. पंधरा वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. विमानात पाना सोडून जाणारा माणूस वाटलो का मी तुला, असं ते ओरडत होते.

लोकांना जे वाटलं तेच वरच्यांनाही वाटलं. फरक एवढाच की लोक पाठ थोपटत होते आणि वरच्यांनी चौकशी लावली. 'हेतुपुरस्सर घातपात'. तो ठरला तर नोकरी जाणार आणि ग्रॅच्युइटी जप्त होणार. तीन महिने उरलेल्या माणसाची अठरा वर्षं त्या एका पान्यावर येऊन थांबली.

चौकशी गुरुवारी झाली. टेबलामागे निमकर, दिल्लीहून आलेली एक मॅडम आणि लिहून घेणारा. टेबलापुढे दोन खुर्च्या, एकीवर मिस्किटा, दुसरीवर मी. मिस्किटांनी तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. सकाळी सव्वादहाच्या सुमारास पाना घरतबाईंच्या हातात दिला, टोकन घ्यायचं राहिलं, ती माझी चूक आहे.

मॅडमनी मला विचारलं, "यांनी पाना तुम्हाला दिला होता?"

"नाही."

"खात्री आहे?"

"पंधरा वर्षांत माझी मोजणी चुकलेली नाही. दिला असता तर मी टोकन दिलं असतं."

मिस्किटा माझ्याकडे वळले. रागानं नाही. शाळेत पोराला पाढा आठवत नसला की मास्तर जसं बघतात तसं. म्हणाले, "बाई, जरा आठवून बघा. तुमच्या हातात पत्र होतं. तुम्ही ते डाव्या हातात घेतलंत आणि उजव्या हातानं पाना घेतलात."

मला तेव्हा काय झालं होतं कुणास ठाऊक. कंपनीचा राग, निमकरांचा राग, आणि त्यात हा माणूस दिल्लीच्या बाईसमोर माझी मोजणी चुकली म्हणतोय. मी म्हटलं, "तुमचं वय झालंय भाऊ. तुम्हीच आठवा."

लिहून घेणाऱ्यानं तेही लिहून घेतलं. शनिवारी नोटीस बोर्डावर लागली. बडतर्फ, ग्रॅच्युइटी जप्त, कारण घातपात. त्यांनी लॉकर रिकामा केला, चपला पिशवीत भरल्या आणि कामाच्या बुटांसकटच गेटबाहेर गेले. माझ्या खिडकीवरून जाताना थांबले नाहीत.

मी त्या दिवशी ज्याला-त्याला सांगत होते की बघा, निष्पाप माणसाला कसा बळी दिला. तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्याच साक्षीवर दिला की. पण मला तसं वाटत नव्हतं. मी खरं तेच सांगितलं होतं. पाना हरवला ही मिस्किटांची चूक, पण घातपात म्हणणं हा कंपनीचा हरामखोरपणा, असं माझं पक्कं मत होतं, आणि ते मी तिखट-मीठ लावून सगळ्यांना ऐकवत होते.

ऐकणारे मात्र कमी व्हायला लागले होते. नोटीस वाचून जो तो घाबरला. अठरा वर्षांच्या माणसाला पाच दिवसांत उचलून फेकतात, तर आपलं काय, असं म्हणत सोमवारपासून लोक एकेक करून वर जाऊन सह्या करून येऊ लागले. मंगळवारपर्यंत निम्मे झाले. शुक्रवारी शेडमध्ये सही न केलेली मी आणि दोघं वेल्डर, एवढेच उरलो होतो. ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता खिडकीशी येऊन मान खाली घालून टोकन द्यायचे. मी त्यांना हत्यारं दिली. देणार नाही म्हटलं होतं, पण दिली. विमानं थांबवून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ठाण्याहून पेटी परत आली.

ही पेटी म्हणजे काय ते सांगते. मोजणारी हत्यारं वापरून वापरून खोटं मोजायला लागतात, म्हणून ठराविक महिन्यांनी ती लॅबमध्ये तपासून आणावी लागतात. प्रत्येकावर तारखेची पट्टी असते. तारीख जवळ आली की मी ते बाजूला काढायची आणि पेटीत टाकायची. त्या महिन्याची माझी यादी सहा वस्तूंची होती, पेटी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मीच केलेली. मी पेटी उघडली, एकेक काढून टेबलावर ठेवत गेले. सहा झाली. तळाला सातवं होतं. वीतभर लांबीचा टॉर्क रेंच.

मी लॅबचा कागद बघितला. त्यावर सात वस्तू लिहिल्या होत्या, सातव्या ओळीत त्या पान्याचा नंबर, आणि खाली माझी सही. सोमवारची तारीख, वेळ दहा वाजून वीस मिनिटं. त्या माणसानं पेटीत होतं ते मोजून लिहिलं होतं आणि मी न वाचता सही ठोकली होती. पान्यावरच्या पट्टीवर त्याच आठवड्याची तारीख होती, यादी करताना तो माझ्या नजरेतून सुटला होता. म्हणजे मिस्किटांनी पाना दिला, माझी नजर पट्टीवर गेली, आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं तो फळ्याकडे न नेता परस्पर पेटीत टाकला. तोंड पत्रावर बोलत होतं, म्हणून नंबर पुकारला नाही. नंबर पुकारला नाही, म्हणून टोकन खिळ्यावरच राहिलं.

तो क्षण मला आजही आठवत नाही. खूप प्रयत्न केला. पत्र आठवतं, जरी आठवते, माझं स्वतःचं वाक्य आठवतं. पाना आठवत नाही.

मी स्टुलावर बसले आणि खिडकी लावून घेतली. दहा मिनिटांनी कुणीतरी ठोकलं, तेव्हा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, पाना कपाटात ठेवला आणि वर निमकरांकडे गेले. हे मात्र मी केलं. सरळ त्यांच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हटलं, साहेब, चूक माझी होती, मिस्किटांना परत बोलवा.

निमकरांनी कागद नीट वाचला, उठून दार लावलं आणि मला बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"चेअरमनसाहेबांनी स्वतः सही केली आहे त्या बडतर्फीवर," ते म्हणाले. "ती आता मागे येणार नाही. हा कागद मी वर पाठवला तर काय होईल सांगू? चौकशीत खोटी साक्ष दिली म्हणून तुम्ही जाल, ग्रॅच्युइटीसकट. आणि मिस्किटा टोकन न घेता गेले, ही चूक त्यांनी स्वतः कबूल केली आहे. तेवढी त्यांना पुरेशी आहे. एकाच्या जागी दोघं जाल, एवढंच."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"हा तुमच्याकडेच ठेवा. मी बघितलेला नाही. लॅबचे कागद इथं कोण बघतं?"

मग ड्रॉवर उघडून दुसरा कागद काढला. माझं संमतीपत्र. माझं नाव आधीच टाइप करून ठेवलं होतं. पेनचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

माझी मोठी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, नवऱ्याची मिल बंद होऊन जमाना झाला होता. अशी कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. त्या खोलीत मात्र माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. फक्त भीती होती. निमकर म्हणाले म्हणून मला खरं वाटलं असंही नाही. मला ते खरं असायला हवं होतं. मी सही केली. 'मी स्वखुशीने' याच्या खाली, माझ्या सुवाच्य अक्षरात.

खाली आले तेव्हा दोघं वेल्डर खिडकीशी उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता वर गेले.

पुढचे आठ महिने मी नोकरी केली. कापलेला पगारही शेवटचे तीन महिने आला नाही. आणि एका बुधवारी कंपनी बंद पडली. सकाळी गेलो तर गेटला कुलूप आणि त्यावर बँकेची नोटीस. चेअरमन तोवर कुठल्यातरी थंड देशात निघून गेला होता. निमकर दुसऱ्या कंपनीत लागले, जास्त पगारावर. आम्ही चारशे जण गेटसमोर उभे राहून घोषणा देत होतो. मीही देत होते. माझा आवाज खणखणीत आहे, लोकांनी मला पुढे केलं होतं. गमावण्यासारखं काही उरलं नाही, असं कुणीतरी शेजारी म्हणालं, आणि माझ्या मनात लख्ख आलं की आता कागद दाखवायला हरकत नाही. हे असं मनात आलं याची मला लाज वाटली, पण आलं.

रविवारी दुपारी मी गासला गेले. घर विचारत विचारत पोचले. छपरावर निळी ताडपत्री होती, तिच्यावर विटा ठेवलेल्या. ओट्यावर मिस्किटा अळूची पानं निवडून जुड्या बांधत होते, विकायला. मला बघून उठले, आत हाक मारली. त्यांची बायको सेसिलिया पाणी घेऊन आली. ती माझ्याशी नीट बोलली, मुलींची चौकशी केली. यानंच मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

मी पर्समधून कागद काढून दिला आणि भरभर सगळं सांगितलं. पट्टी, पेटी, सातवी ओळ. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. मला वाटलं ते रडतील. बायकोला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना तुला. हातात दिला होता. मी विसरलो नव्हतो." आठ महिने त्यांना स्वतःच्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला होता, हे मला तेव्हा कळलं. मीच म्हटलं होतं ना, वय झालंय म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "हे कधी सापडलं तुम्हाला?"

उत्तर मी पाठ करून गेले होते. कंपनी बंद झाली, स्टोअर आवरलं, तेव्हा जुन्या कागदांत मिळालं. एसटीतून उतरेपर्यंत चारदा घोकलं होतं. पण ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चौकशीनंतर नऊ दिवसांनी."

सेसिलिया माझा रिकामा पेला उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

मिस्किटांनी चष्मा काढला. मग नेहमीच्या खालच्या आवाजात सांगू लागले. लेबर ऑफिसात केस टाकली होती. वकील पहिल्या दिवसापासून म्हणत होता, सगळं त्या बाईच्या साक्षीवर उभं आहे, तिला बोलवू, दहा मिनिटांत खोटी पाडतो.

"मी त्याला म्हटलं, घरतबाईंची चूक झाली असेल, पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांना उभं करून चारचौघांत फाडायचं नाही. यावरून आमचं वाजलं. त्यानं केस सोडली. तारखेला मी एकटाच गेलो. दोन महिन्यांपूर्वी निकाल लागला, माझ्या विरुद्ध."

मला बोलवलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी स्वतःला अजून विचारते.

पुढे मी प्रतिज्ञापत्र केलं, अपील झालं, त्यांच्या कपाळावरचा घातपाताचा शिक्का पुसला गेला. ग्रॅच्युइटी मंजूर झाली, पण द्यायला कंपनीच उरली नव्हती. बँकांचं भागलं की कामगारांची पाळी, असं गेली अकरा वर्षं सांगतात. यादीत त्यांचंही नाव आहे आणि माझंही. त्या दुपारी मात्र यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी ओट्यावर बसून एवढंच म्हणू शकले, "माझं चुकलं, भाऊ."

"चूक नऊ दिवसांची होती, बाई," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या आठ महिन्यांना चूक म्हणू नका."

त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि उभे राहिले. मला जा म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले, मी उठेपर्यंत.